शेवटून पहिले

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ निवडावा लागत नाही. ज्या पेठेत जन्मलात त्या पेठेचा संघ तुमचा. मी शिवाजी पेठेतला, म्हणून शिवाजी तरुण मंडळाचा. मंगळवार पेठेत पाळणा हलला असता तर पाटाकडील तालमीचा झालो असतो आणि तितक्याच इमानानं त्यांची बाजू मांडत बसलो असतो. शाहू स्टेडियमवर के.एस.ए. लीगचा मोठा सामना असला की आमचे आबा दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचे, शेजाऱ्याला ‘जरा बघा’ म्हणायचे आणि मला घेऊन निघायचे. शेजारीही शटर ओढूनच उभा असायचा. हरलो तर रात्री जेवताना घरात कुणी बोलायचं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ज्यानं मोकळा गोल घालवला तो पोरगा तालमीसमोर दात घासत उभा दिसायचा. आबा त्याला विचारायचे, “काय रं, झोप लागली का रात्री?” तो मान खाली घालून हसायचा. पुढच्या सामन्याला तोच खेळणार हे त्यालाही माहीत असायचं आणि आबांनाही.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की पुढं मुंबईत मी ज्या संघावर जीव लावला त्याच्या बाबतीत यातलं काहीच लागू नव्हतं.

२००८ मध्ये मी नोकरीसाठी मुंबईला आलो. ऑफिस फोर्टात, राहायला करी रोडला मावसभावाकडं. त्या वेळी देशातली अव्वल साखळी म्हणजे आय-लीग, आणि तिच्यात मुंबईचे तीन संघ होते: महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि नुकताच वर आलेला मुंबई एफसी. महिंद्र युनायटेड हा २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला भारदस्त संघ. शहाण्यानं त्यांच्यामागं जायचं. पण पेठेतल्या माणसाला संघाच्या नावात गाव लागतं. एकाच्या नावात जीप, दुसऱ्याच्या नावात विमान, तिसऱ्याच्या नावात शहर. मी शहर घेतलं. २००७ साली निघालेला, डेव्हिड बूथ या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली २००८ मध्ये दुसऱ्या विभागात पहिला येऊन वर चढलेला, पिवळ्या जर्सीचा संघ. हाही एका उद्योगसमूहानंच काढलेला होता हे मला ठाऊक होतं. पण ते नावात नसल्यामुळं सामन्याच्या नव्वद मिनिटांत विसरता यायचं.

ऑफिसातून निघून, ओव्हल मैदानात एकाच वेळी चाललेल्या पाच-सहा क्रिकेट सामन्यांमधून अंग चोरत गेलं की कूपरेज. शेजारी बँडस्टँडची बाग, तिथं मुलांना फिरवणारे घोडे, आजूबाजूला उंच इमारती आणि मधे हे मैदान. त्या काळात सामने बहुधा दुपारचे, तेही आठवड्याच्या अधल्यामधल्या वारी. म्हणजे अर्धा दिवस रजा. माझे दात त्या वर्षांत ऑफिसच्या हिशेबी फार खराब होते. दर दोन आठवड्यांनी डेंटिस्टकडं जावं लागायचं. ऑफिसातले निम्मे लोक मँचेस्टर युनायटेड नाहीतर आर्सेनलचे. रात्री जागून मॅच बघायची आणि सकाळी डोळे चोळत येऊन ‘आपण’ कसे हरलो ते सांगायचं. त्यातल्या एकाला मी आय-लीगबद्दल बोललो तर तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, “आपल्याकडं पण लीग असते?”

स्टँडवर माणसं मोजकी असायची, पण एकेक नमुना. माझगावचे एक अंकल, निवृत्त, डोक्यावर गोल टोपी, सोबत स्वतःची उशी. मदनपुऱ्याची पोरं, जी खरं म्हणजे आपापल्या गल्लीच्या संघाची. ईशान्येकडून येऊन हॉटेलांत काम करणारी दोन-तीन मुलं, समोरच्या संघात ओळखीचा कुणी खेळत असला की हमखास हजर. आणि जुन्या काळचे म्हातारे. त्यांच्यासाठी कूपरेज म्हणजे रोव्हर्स कप. १८९१ साली सुरू झालेली ती स्पर्धा या शतकाच्या तोंडावर बंद पडली, पण स्टँडवर ती अजून चालू होती. आमचा मिडफिल्डर चेंडू हरवून बसला की मागून कुणीतरी म्हणायचं, मफतलालमध्ये असता तर याला दुसऱ्या दिवशी खात्यात परत पाठवला असता. टाटा, मफतलाल, ऑर्के, आरसीएफ, रेल्वे… या म्हाताऱ्यांच्या तोंडची नावं ऐकताना मला हळूहळू उमगलं की या शहरात फुटबॉलचा संघ म्हणजे कायम कुणाच्या तरी पगारपत्रकावरचा संघ. गिरणी गेली की गिरणीचा संघ गेला. म्हातारे याबद्दल तक्रार करत नसत. त्यांना ते पावसाळ्याइतकं स्वाभाविक वाटायचं.

आमचा संघ जिंकायचा नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, पण जिंकण्याची सवय लागेल इतक्या वेळा कधीच नाही. २००९ मध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. याच क्लबचे खेळाडू, दुखापतींनी खेळणं थांबलेलं, वय जेमतेम बत्तीस. माणूस अबोल. पत्रकारांना दोन वाक्यं मिळाली तरी पुष्कळ. त्यांच्याकडं पैसा कमी, खेळाडू इतरांनी सोडलेले किंवा अजून कुणी न पाहिलेले, आणि ध्येय एकच: खालच्या विभागात जायचं नाही. त्यामुळं आमचा खेळ बघायला विशेष तयारी लागायची. आधी गोल खायचा नाही. मग जमलं तर एखादा करायचा. अभिषेक यादव पुढं एकटा उभा, उंच, हवेतल्या चेंडूची वाट बघत. मधे घानाचा इव्हान्स क्वाओ. पुढं काही काळ युसिफ याकुबू आला, ज्याला देशभरातल्या बचावपटूंनी आधीच इतक्या लाथा घातल्या होत्या की त्याच्या चालण्यात त्या दिसायच्या, पण पेनल्टी बॉक्समध्ये त्याला अर्धा क्षण पुरायचा.

गोलशून्य बरोबरी कशी बघायची हे मी त्या वर्षांत शिकलो, आणि माझं ठाम मत आहे की ही विद्या जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला येत नाही. तो कायम समोरच्या गोलकडं बघत असतो. आम्ही आमच्या डाव्या बॅककडं बघायचो. पासष्टाव्या मिनिटाला त्याच्या मांडीत गोळा येतो का, त्याच्यासमोरचा विंगर ताजा आहे का, खालिदसरांनी बाकावरच्या कुणाला उठवलं का. कॉर्नर आमच्यावर असला की माझगावचे अंकल उशी छातीशी धरायचे. चेंडू बाहेर गेला की टाळ्या. मैदानाबाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आम्ही गोल केला. एकदा डेम्पोसारख्या संघाला रोखल्यावर आम्ही चर्चगेटपर्यंत गात गेलो. डेम्पोनं तोवर राष्ट्रीय विजेतेपदं खिशात घातलेली होती, त्यांच्या लोकांना तो दिवस दुसऱ्या दिवशी आठवलाही नसेल.

आणि आमच्यापेक्षा वाईट दिवस बघणारे शेजारीच होते. २०११ च्या मे महिन्यात डेम्पोनं गोव्यात एअर इंडियाला १४-० नं हरवलं. रँटी मार्टिन्सनं एकट्यानं सहा गोल केले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये मला एका ओळखीच्या चाहत्यानं तो स्कोअर सांगितला तेव्हा मी विचारलं, “हॉकी?” हसलो दोघं, पण मग काही वेळ गप्प झालो. चौदा गोल खाणारे खेळाडूही मुंबईतल्याच लोकलनं घरी जाणार होते.

कूपरेज मधल्या काळात दुरुस्तीला गेलं आणि आमच्या घरच्या सामन्यांना मुंबईत मैदान उरलं नाही. दोन-तीन हंगाम मुंबई एफसीचं घर होतं पुण्यात, बालेवाडीला. दोन कोटींच्या आसपास माणसं सामावणाऱ्या महानगर परिसरात आय-लीगचा सामना घेता येईल असं दुसरं मैदान आम्हाला मिळू नये, यावर स्टँडवरच्या मंडळींनी जे शब्द वापरले ते इथं छापता येणार नाहीत. गंमत म्हणजे पुणे एफसीचं घरही तेच. त्यामुळं महाराष्ट्रातल्या या दोन संघांचा सामना झाला की एकदा ते यजमान आणि आम्ही पाहुणे, एकदा आम्ही यजमान आणि ते पाहुणे. गवत तेच, खुर्च्या त्याच, समोसेवाला तोच. आम्ही यजमान असलेल्या सामन्याला पुण्याच्या जर्सीतली मंडळी पीएमटीनं दहा मिनिटांत येऊन बसायची आणि आम्ही पहाटे उठून इंद्रायणी धरलेली. वर ते आम्हाला विचारायचे, “प्रवास कसा झाला?” पुणेकरांचं अगत्य. २०१२-१३ ला तर पुणे एफसी लीगमध्ये दुसरा आला, तेव्हा त्यांच्या आवाजात जरा जास्तच मार्दव आलं होतं. परतताना वाकडला हायवेवर उभं राहून मिळेल त्या बसनं निघायचं. खंडाळ्याच्या घाटात पिवळा मफलर गुंडाळून झोपलेल्या माणसाला पाहून एकदा कंडक्टरनं काळजीनं विचारलं होतं, “साहेब, कुठल्या दिंडीतले?”

बायकोनं ही सगळी वर्षं एका मर्यादेपर्यंत सोसली. तिचा प्रश्न साधा होता आणि त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. “जिंकले तरी तुम्हाला झोप येत नाही, हरले तरी येत नाही. मग जाता कशाला?” मी म्हणायचो, तू माहेरी का जातेस? त्यावर तिचं म्हणणं असं की माहेरचे लोक निदान तिला ओळखतात.

हे बरोबर लागलं. कोल्हापुरात गोल घालवणारा पोरगा आबांना ओळखत होता. इथं खेळाडू सामना संपला की बसमध्ये, बस निघाली की आम्ही फुटपाथवर. तरी हळूहळू ओळख होते. नव्या कूपरेजवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या कूपरेजवर, आम्ही परत आलो तेव्हा स्टीव्हन डायस संघात होता. मुंबईचाच, भारताकडून खेळलेला, आता उतरणीला लागलेला. त्याच्या उजव्या पायातून निघणारा क्रॉस मात्र उतरणीला लागला नव्हता. वॉर्म-अप करताना तो आमच्या कोपऱ्याकडं बघून हात वर करायचा. माझगावचे अंकल म्हणायचे, तो मला करतो. आम्ही कुणी वाद घातला नाही.

मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल आले की मात्र कूपरेजवर आम्हीच पाहुणे. मुंबईतले बंगाली सहकुटुंब यायचे, डबे घेऊन, झेंडे घेऊन, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे. त्यांचा गलका सुरू झाला की आमचा ढोल ऐकू यायचा नाही. सुरुवातीला राग यायचा. नंतर एका सामन्यात माझ्या शेजारी ईस्ट बंगालचे एक गृहस्थ बसले. गावाकडचं घर फाळणीत गेलं, कोलकात्यातलं भाड्याचं होतं, मुंबईतलं कंपनीचं. वडिलांकडून जसंच्या तसं हाती आलेलं एवढंच, असं म्हणून त्यांनी लाल-पिवळा झेंडा दाखवला. मला आमची पेठ आठवली. मी त्यांच्याशी सामनाभर भांडलो, पण नंतर चहा मी पाजला.

२०१४ मध्ये आयएसएल आली. मुंबईला दुसरा संघ मिळाला, मुंबई सिटी. मालकांत रणबीर कपूर, मैदानावर आनेल्का आणि ल्युंगबर्ग, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर प्रकाशझोत. आमच्या स्टँडवरची काही तरुण मंडळी तिकडं गेली. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, मीही एकदा गेलो. स्वच्छतागृह खरोखर स्वच्छ होतं, आणि फुटबॉल बघायला गेल्यावर अशी वेळ यावी यात मला नवल वाटलं. पण त्या लीगमध्ये वर जाणं नव्हतं आणि खाली पडणंही नव्हतं. तळाला आलात तरी पुढच्या वर्षी पुन्हा तिथंच. ज्या भीतीवर आमचे सगळे हिवाळे गेले ती भीतीच तिथं नव्हती. पुढच्या वर्षी मुंबई सिटी फातोर्ड्यावर गोव्याकडून ०-७ हरली, तेव्हा मात्र एका रात्रीपुरती ती मंडळी आमची सख्खी झाली. आम्ही त्यांना फोन करून गोलशून्य बरोबरीचे फायदे समजावून सांगितले.

सात हंगाम खालिदसरांनी आम्हाला तारलं. २०१६ च्या उन्हाळ्यात ते गेले. का, कसे, कुणाच्या सांगण्यावरून, हे स्टँडवर बसणाऱ्याला कळत नाही. त्याला बातमी कळते. त्याच सुमारास फुटबॉल महासंघानं आयएसएललाच अव्वल लीग करण्याचा बेत मांडला आणि गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग क्लब, डेम्पो यांनी आय-लीग सोडून दिली. जागा रिकाम्या झाल्या. आदल्या हंगामात खाली घसरलेल्या मिझोरामच्या आयझॉल एफसीला त्यामुळं परत बोलावणं आलं. आणि त्यांनी प्रशिक्षक म्हणून नेमलं खालिद जमील यांना.

२०१६-१७ चा हंगाम दहा संघांचा, प्रत्येकाला अठरा सामने. आमच्याकडं संतोष कश्यप आले. सुरुवातीला वाटलं, निभेल. मग निभेना. एक हार, मग बरोबरी, मग दोन हारी. संघाचं काहीतरी बिनसलं आहे हे गुणतक्त्याच्या आधी खेळाडूंच्या हातांवरून कळतं. चेंडू मागायला हात वर होईनासे झाले. पूर्वी कॉर्नरला आमचा प्रत्येक माणूस कुणाला तरी धरून असायचा, आता दोघं एकमेकांकडं बघत आणि चेंडू तिसऱ्याच्या डोक्यावर. मार्चमध्ये कश्यप गेले आणि स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले. माणूस चांगला असावा, कारण पुढं त्यांनी बांगलादेशात बसुंधरा किंग्जला विजेतेपदामागून विजेतेपद मिळवून दिलं. पण बुडत्या होडीत चढून वल्हं मागायचं म्हणजे अवघडच.

त्या दोन महिन्यांत आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त गणित चाललं. मिनर्व्हा इथं हरले, चेन्नई तिथं हरले, आपण हे जिंकलो आणि गोलफरक असा राहिला, तर… बँकेत नोकरी करणारा एक जण रोज रात्री नवा तक्ता टाकायचा. त्याचे तक्ते देखणे असायचे. रकाने रंगवलेले, आपली ओळ पिवळी. माझा अनुभव असा की आपल्या संघाची ओळ पिवळी करून शोधावी लागायला लागली की ती शोधायला खालूनच सुरुवात करावी. आबा फोनवर विचारायचे, “तुमचं काय झालं?” मी म्हणायचो, शेवटून पहिले. ते म्हणायचे, “पुढच्या वर्षी बघू.” आबांच्या तोंडी ते वाक्य आयुष्यभर होतं आणि त्यांच्या बाबतीत ते दर वेळी खरंही व्हायचं, पुढचं वर्ष यायचं.

आम्ही दहावे आलो. दहा जणांत.

आणि त्याच हंगामात, ३० एप्रिल २०१७ ला, शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी साधून आयझॉल आय-लीगचा विजेता झाला. ईशान्येकडचा पहिला संघ, ज्याला वर्षभरापूर्वी या लीगमध्ये जागाच नव्हती. मोहन बागान एका गुणानं मागं. मी घरी टीव्हीसमोर होतो. बायकोनं आतून विचारलं, “आपली मॅच आहे का?” म्हटलं, “नाही, आपल्या सरांची.” बरोबरी पुरेशी होती आणि बरोबरी कशी टिकवायची हे त्या माणसाइतकं कुणाला माहीत असणार! शेवटची दहा मिनिटं ते जसं खेळले, तसं आम्ही कूपरेजवर कितीदा पाहिलेलं. फक्त आमच्या वेळी त्यानंतर कप नसायचा. आनंद झाला. पोटात दुखलंही. दोन्ही एकाच वेळी झालं, त्याला इलाज नाही.

खालच्या विभागात जाणं ही काही जगबुडी नव्हे. इंग्लंडमध्ये संघ खाली पडतात, लोक रडतात, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा त्याच स्टेडियमला जाऊन बसतात. आम्हीही तसंच धरून चाललो होतो. ग्रुपवर चर्चा सुरू झाली: दुसऱ्या विभागात कोणकोणते संघ, कुठंकुठं जावं लागेल, रजा कशा टाकायच्या. बँकेतल्या मित्रानं नवा तक्ता केला, त्यात आपण अर्थातच सर्वात वर. पण खेळाडू एकेक करून दुसरीकडं सही केल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि नव्यांच्या येईनात. मग कळलं की संघच राहणार नाही. निरोपाचा सामना नाही, शेवटची फेरी नाही. कंपनीनं एक काम हाती घेतलं होतं, ते आता थांबवलं. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर यात गैर काही नसेल. दहा वर्षं पैसे घातले, तिकिटातून काय मिळत होतं ते मी स्वतः पाहत होतो. मला राग आला तो या गोष्टीचा, की हरण्याची आमची तयारी होती, वर्षानुवर्षं हरण्याची होती, आणि ती कुणी विचारातच घेतली नाही. हिशेबाच्या कुठल्या रकान्यात ती बसतही नसावी.

आमचंच असं झालं असंही नाही. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, राष्ट्रीय विजेता असूनही. पुण्यात भारत एफसी एक हंगाम खेळून गेला. पुणे एफसी, ज्यांनी आम्हाला प्रवास कसा झाला म्हणून विचारलं होतं, २०१५ मध्ये गेला. डीएसके शिवाजियन्स आमच्याच वर्षी. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. बालेवाडीच्या त्या गवतावर इतक्या संघांनी घर मांडलं आणि मोडलं.

कोल्हापूरचं फार गुणगान करू नये हे मलाही कळतं. तिथं हुल्लडबाजीपायी सामने थांबलेले आहेत, दगडही उडालेले आहेत, आणि आता पेठांचे संघही बाहेरगावचे खेळाडू पैसे मोजून आणतात. पण शिवाजी तरुण मंडळ बंद करायचं म्हटलं तर ते कुणी करायचं, कुठल्या कागदावर सही करून, हे कुणाला सांगता येणार नाही. वर्गणी कमी पडली तर संघ फाटक्या बुटांनी खेळेल. पण खेळेल. मुंबईला आम्ही शहराचं नाव घेऊन ओरडत होतो आणि शहराला त्याची कल्पना नव्हती.

२०१८ च्या जूनमध्ये अंधेरीला भारताच्या सामन्याला २,५६९ प्रेक्षक आले, आणि सुनील छेत्रीनं व्हिडिओ करून लोकांना हात जोडले, की शिव्या द्यायला का होईना, पण या. देशभर लोक हळहळले. आमच्या ग्रुपवर तो आकडा वाचून कुणीतरी लिहिलं, एवढे? पुढचा सामना खचाखच भरला आणि छेत्रीचा तो शंभरावा होता. आम्हीही गेलो, जमेल ते ओरडलो.

पुढच्या मार्चमध्ये आयएसएलचा अंतिम सामना अंधेरीलाच होता, बंगळुरू विरुद्ध गोवा. मला दोघांशी देणंघेणं नव्हतं. ऑफिसातल्या एकाकडं जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेलो. जादा वेळ चालू, ११७ वं मिनिट, बंगळुरूचा कॉर्नर, आणि उंच उडी घेऊन हेडरनं गोल केला राहुल भेकेनं. मुंबईचा पोरगा, मुंबई एफसीच्या पिवळ्या जर्सीत खेळलेला. मी खुर्चीवर उभा राहून ‘आपला आहे, आपला आहे’ म्हणून ओरडलो. आजूबाजूच्या बंगळुरूच्या लोकांना वाटलं, मी त्यांच्यातला. त्यांनी मिठ्या मारल्या, मी मारून घेतल्या. सामना संपल्यावर त्यातला एक जण विचारत होता की मी बंगळुरूत कुठल्या भागातला. करी रोड म्हणालो.

२०२५ मध्ये आयएसएलचंच घोडं अडलं. महासंघाचा व्यापारी करार संपत आला होता, नवा होईना, हंगाम वेळेवर सुरू झाला नाही, काही क्लबांनी तर खेळाडूंचे पगारही रोखले. आमच्या ऑफिसात मुंबई सिटीचा कट्टर असा एक पंचविशीतला मुलगा आहे. त्यानं संघाला लीग आणि कप दोन्ही जिंकताना पाहिलेलं, हरण्याची फारशी सवय नाही. तो जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, “सर, तुमच्या वेळी तुम्हाला आधी कधी कळलं होतं?” मी म्हटलं, कळत नाही. खेळाडूंच्या सह्यांच्या बातम्या बघत राहा. त्यानं लगेच मोबाइल काढून बघायला सुरुवात केली.

त्याच ऑगस्टच्या पहिल्या तारखेला खालिद जमील भारताचे प्रशिक्षक झाले. आमचा ग्रुप तोवर लग्नपत्रिका आणि वाढदिवसांपुरता उरला होता. त्या दिवशी तो असा जागा झाला की मला ऑफिसात फोन खिशात ठेवता येईना. पहिल्याच स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं, मग ओमानला पेनल्टींवर मात देऊन त्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. बँकेतल्या मित्रानं आठ वर्षांनी तक्ता टाकला. मग ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यावर सिंगापूरनं आपल्याला २-१ हरवलं आणि आशिया कपचा रस्ता बंद झाला. देशभर सरांवर टीका सुरू झाली. आमच्याकडं रात्री साडेअकराला माझगावच्या अंकलनी लिहिलं की बचाव फार पुढं आणला, कूपरेजवर हा माणूस असं कधी करत नव्हता. त्यावर मदनपुऱ्याच्या एकानं त्यांना चर्चिलविरुद्धच्या कुठल्याशा सामन्याची आठवण दिली, ज्यात खालिदसरांनी ऐनवेळी डावा बॅक काढून स्ट्रायकर टाकला आणि आम्ही गोल खाल्ला. अंकल म्हणाले, काढला तो उजवा बॅक. बँकवाला म्हणाला, तो सामना चर्चिलविरुद्ध नव्हताच, स्पोर्टिंगविरुद्ध होता. रात्री दीडपर्यंत यावर एकमत झालं नाही.